आजच्या शरीराला झेपेल अशी ओळ: दीर्घकालीन आजारात सुविचारांचा आधार कसा घ्यावा

दीर्घकालीन आजाराचं निदान झालं, की औषधांच्या चिठ्ठीपाठोपाठ सुविचारांचा ओघ सुरू होतो. पाठवणाऱ्यांची माया खरी असते. पण त्यातली बहुतेक वाक्यं बऱ्या होणाऱ्या आजारासाठी घडलेली असतात: हेही दिवस जातील, झुंज दे, जिंकशील. सांध्यांचा रुमॅटॉइड आर्थरायटिस, प्रतिकारशक्ती बिघडून होणारा ल्युपस, हालचाली मंदावणारा पार्किन्सन्स यांसारखे आजार सहसा कायमचे जात नाहीत. काही आटोक्यात येतात, उफाळतात, पुन्हा निवतात, तर पार्किन्सन्ससारखे हळूहळू वाढत जातात. त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाला लागणारी ओळ वेगळी असते.

मी स्वतः बरीच वर्षं रुमॅटॉइड आर्थरायटिस घेऊन जगते आहे. योग्य वेळी आठवलेल्या एका ओळीनं किती धीर येतो हे मला ठाऊक आहे, आणि चुकीच्या वेळी कानावर पडलेली ओळ किती लागते हेही. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ओळ निवडताना आधी आजच्या शरीराला विचारायचं. जी ओळ तुमची आताची अवस्था मान्य करते आणि मग पुढचं काही सांगते, तीच कामाला येते. अशा ओळी कशा शोधायच्या, पारखायच्या आणि वापरायच्या, ते पुढे पायरीपायरीनं मांडते आहे.

पायरी १: आधी आपले दिवस ओळखा

सुविचार शोधायला बसण्यापूर्वी आठवडाभर एक छोटी नोंद ठेवा. सकाळी आणि रात्री, दोन-चार शब्द पुरेत: ‘बोटं आखडली, चिडचिड’, ‘दुखत नाही पण डोकं सुन्न’, ‘रिपोर्टची धास्ती’. आठवड्यानंतर वाचून पाहिलं, की आपल्या दिवसांचे ठरावीक प्रकार दिसायला लागतात.

माझ्या नोंदींत पाच प्रकार निघाले आणि इतर रुग्णांशी बोलताना तेच थोड्याफार फरकानं ऐकायला मिळतात. दुखणं उफाळलेला दिवस. दुखणं कमी पण थकव्यानं काही सुचत नाही असा दिवस. वाट पाहण्याचा काळ, म्हणजे तपासणीचा निकाल यायचा आहे किंवा नवं औषध लागू पडतंय का ते कळायचं आहे. मेथोट्रेक्सेटसारख्या, रुमॅटॉइड आर्थरायटिसवर दिल्या जाणाऱ्या औषधाचा गुण यायला ६ ते १२ आठवडे लागू शकतात आणि तेवढे दिवस माणूस अधांतरी असतो. झोप न लागलेली रात्र. आणि चांगला दिवस.

चांगला दिवस मुद्दाम यादीत ठेवा. बरं वाटतंय म्हणून तुंबलेली सगळी कामं एका दिवसात उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचं आहे. त्या दिवशी उभारी देणाऱ्या वाक्याची गरजच नसते, ‘आता थांब’ म्हणणारं वाक्य हवं असतं.

पायरी २: ओळी गोळा करा, पण बऱ्या दिवशी

दुखत असताना शोधाशोध करू नका. तेव्हा समोर येईल त्या वाक्याला माणूस धरून बसतो किंवा सगळ्यांवरच वैतागतो.

सुरुवात स्वतःच्या आठवणीपासून करा. लहानपणी पाठ झालेले अभंग, श्लोक, प्रार्थना आपल्या आत आधीच रुजलेल्या असतात. थकलेल्या मेंदूला नवं काही लक्षात ठेवायला जड जातं, जुनं मात्र आपोआप ओठांवर येतं. तुकोबांची ही ओळ मराठी माणसाला सहसा शिकवावी लागत नाही: ‘सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वताएवढें’. तिच्यात उपदेशाचा एक शब्दही नाही. दुःखाचं माप तेवढं सांगितलं आहे, आणि ते अजिबात कमी करून सांगितलेलं नाही. उफाळलेल्या दिवशी मला हीच ओळ जवळची वाटते. आपल्याला होतंय ते खरोखरच मोठं आहे, हे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी म्हणून ठेवलं आहे, एवढ्यानंही खांदे जरा सैल होतात.

मग बाहेर शोधा. ज्यांनी स्वतः शारीरिक त्रास किंवा मोठी बंधनं भोगली त्यांच्याकडे आधी वळा. एपिक्टेटस हा प्राचीन तत्त्वज्ञ जन्मानं गुलाम होता आणि पायानं अधू होता असं सांगतात. त्याच्या शिकवणीची सुरुवातच अशी आहे, की काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात. हे वाक्य पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण हातात नसलेल्या गोष्टींची यादी तो जिथे देतो, तिथे पहिलं नाव शरीराचं आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्यासाठी खरा दिलासा तिथेच आहे. शरीर ऐकत नाही, यात आपलं काही चुकलेलं नाही.

प्रसिद्ध माणसांवर थांबू नका. रक्त घेताना परिचारिका सहज बोललेलं एखादं वाक्य, दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी रुग्णाचं बोलणं, आईची एखादी म्हण, हेही संग्रहात हवं. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून सहरुग्णाचं साधं वाक्यही नेमकं बसतं. एकूण दहा-पंधरा ओळी भरपूर झाल्या.

पायरी ३: चाळून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वाक्य कितीही सुंदर असलं, कितीही मोठ्या माणसाचं असलं, तरी पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय ते आपल्या संग्रहात घेऊ नका.

*या वाक्यात दोष कुणाच्या माथी येतो?* रामदासांच्या मनाच्या श्लोकांतला ११वा श्लोक घ्या. ‘जगी सर्व सूखी असा कोण आहे, विचारें मना तूंचि शोधोनि पाहे’ हा पूर्वार्ध घरोघरी पाठ असतो आणि एकटेपणा वाटत असताना त्याचा आधार मोठा आहे. उत्तरार्धात मात्र आपणच केलेल्या पूर्वसंचिताचं भोगणं आपल्या वाट्याला आलं, असं सांगितलं आहे. ज्याची तशी श्रद्धा आहे आणि जिच्यातून त्याला शांती मिळते, त्यानं पूर्ण श्लोक जरूर म्हणावा. पण ‘मीच काहीतरी केलं असेल’ या विचारानं आधीच पोखरलेल्या माणसाला त्या दोन ओळी जड जातात. त्यानं पूर्वार्धावर थांबावं. त्यात रामदासांचा अनादर होत नाही.

*हे वाक्य शरीराकडून काय मागतं?* ‘असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ हे वचन विद्यार्थ्याला, कलाकाराला, कष्टकऱ्याला बळ देतं. पण काही आजारांत ‘अजून थोडं रेट’ हाच सल्ला घातक ठरतो. एमई-सीएफएस या प्रदीर्घ थकव्याच्या आजारात जास्त श्रमानंतर लक्षणं बळावतात, कधी एक-दोन दिवसांनी बळावतात आणि मग बराच काळ ओसरत नाहीत. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनं २०२१ साली या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं स्पष्ट केलं. तेव्हा सायासाची ओळ ठेवायचीच असेल, तर तो सायास कशाचा हे आधी ठरवून घ्या. वेळेवर विश्रांती घेणं, मदत मागणं, फिजिओथेरपिस्टनं आखून दिलेल्या मर्यादेत थांबणं यांनाही अभ्यास लागतोच.

*यात हार-जीत आहे का?* लढाईची भाषा काहींना मानवते. मला ती फारशी मानवत नाही, कारण ज्या आजारांत आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर किंवा अवयवांवर चालून येते, तिथे शत्रू कुणाला म्हणायचं? शिवाय जिंकण्याची भाषा आली, की दुखणं उफाळलेल्या दिवशी आपण हरलो असं वाटतं. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन’ ही ओळ मात्र मी ठेवली आहे. युद्ध रोजचं आहे, आत आणि बाहेर दोन्हीकडे आहे, एवढंच तिच्यात म्हटलंय. ती ओळ विजयाचं आश्वासन देत नाही आणि हरल्याचा ठपकाही ठेवत नाही.

*माझा यावर विश्वास बसतो का?* ‘मी पूर्ण निरोगी आहे’, ‘मी अत्यंत आनंदी आहे’ अशी वाक्यं घोकायला सांगितली जातात. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःविषयी आधीच कमी वाटणाऱ्या लोकांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य मनाशी घोकल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं. मन लगेच विरुद्ध पुरावे काढायला लागतं, हे त्याचं एक कारण असू शकतं. म्हणून पटेल तेवढंच म्हणा. ‘आज मी गोळी वेळेवर घेतली’ हे लहान आहे, पण खरं आहे.

*उपचाराला छेद देतं का?* ‘अन्न हेच औषध होऊ दे’ हे वाक्य प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर फिरतं. त्याच्या नावानं उपलब्ध असलेल्या प्राचीन ग्रंथांत ते सापडत नाही. आहाराचं महत्त्व आहेच. पण अशा वाक्याच्या भरवशावर कुणी इन्सुलिन किंवा स्टेरॉइड स्वतःच्या मनानं बंद केलं, तर जिवावर बेतू शकतं. औषध, डॉक्टर किंवा तपासणी यांच्याविरुद्ध उभं करणारं वाक्य कितीही आकर्षक असो, ते बाहेर ठेवा.

पायरी ४: मागची-पुढची ओळ शोधा

एकट्या फिरणाऱ्या वाक्याला आगापिछा नसतो. ‘जे मला मारत नाही, ते मला अधिक बळकट करतं’ हे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं वाक्य रुग्णांना हमखास ऐकवलं जातं. त्यानं ते १८८८ साली लिहिलं आणि आयुष्याच्या युद्धशाळेतला धडा म्हणून मांडलं. तो स्वतः वर्षानुवर्षं तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांच्या त्रासानं हैराण होता. जानेवारी १८८९ मध्ये तो तुरीनमध्ये कोसळला आणि १९०० साली मृत्यू येईपर्यंत त्यातून सावरला नाही. हे कळल्यावर त्याच्याविषयी मला करुणाच वाटते. वेदनेनं पिचलेल्या एका माणसानं स्वतःला धीर देण्यासाठी म्हटलेलं हे वाक्य असावं, असं मला वाटतं. ते सर्वांना लागू होणारा नियम म्हणून दुसऱ्याच्या कपाळी चिकटवू नये. काही दुखणी माणसाला नुसती दमवतात, आणि दमलेल्या माणसाला बळकट होण्याची सक्ती नको.

बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखण्याचं शहाणपण मागणारी प्रार्थना अनेकदा संत फ्रान्सिसच्या नावानं दिली जाते. ती विसाव्या शतकातले अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबर यांची मानली जाते. आवडलेल्या ओळीचा कर्ता आणि संदर्भ शोधायला अर्धा तास द्या. शोधताना कधी पुढचीच ओळ जास्त जवळची निघते.

पायरी ५: हाताला आणि डोळ्याला झेपेल असं लिहून ठेवा

सुंदर वहीचा मोह होतो, पण सकाळी बोटं मिटत नाहीत तेव्हा जाड वही उघडणंही अवघड असतं. माझ्या अनुभवात पोस्टकार्डाएवढा जाड कागद सोयीचा पडतो. एका कागदावर एकच ओळ, मोठ्या ठसठशीत अक्षरांत. कोपऱ्यात दिवसाचा प्रकार: ‘उफाळ’, ‘थकवा’, ‘वाट’, ‘रात्र’, ‘बरा’. कागद रोज हात जाईल तिथे ठेवा, जसं गोळ्यांच्या डबीखाली किंवा उशीजवळ.

लिहिता येत नसेल तर मोबाइलवर स्वतःच्या आवाजात ओळ रेकॉर्ड करा. हे बऱ्या दिवशी करा, म्हणजे आवाजात ताकद असते. घरातल्या माणसाचा आवाज घेतला तरी छान. रात्री पडद्याचा उजेड नकोसा होतो, मायग्रेनमध्ये तर सहनच होत नाही, तेव्हा ऐकणं सोपं जातं. फाइलला ‘रात्र १’ असं सरळ नाव द्या, म्हणजे शोधावं लागत नाही.

पायरी ६: ओळ एखाद्या कृतीला बांधा

भिंतीवर लावलेलं वाक्य चार दिवसांत दिसेनासं होतं. म्हणून प्रत्येक ओळीला एक छोटी कृती जोडा.

उफाळलेल्या दिवशी: ओळ सावकाश, आवाज काढून म्हणा. अभंगाचं चरण मधे थांबा घेऊनच येतं. पहिल्या चरणाला श्वास घ्या, दुसऱ्याला सोडा. यमक आणि लय यांचा मनावर परिणाम होतो, हे संशोधकांनी तपासूनही पाहिलं आहे. २००० सालच्या एका प्रयोगात तेच म्हणणं यमकात सांगितलं तेव्हा लोकांना ते अधिक खरं वाटलं. याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या: यमक जुळलं म्हणून वाक्य खरं ठरत नाही. पायरी ३ त्यासाठीच आहे.

वाट पाहण्याच्या काळात: एपिक्टेटसची ओळ वरती लिहा आणि खाली दोन रकाने करा. ‘माझ्या हातात नाही’: रिपोर्टमधला आकडा, औषध लागू पडेल की नाही, डॉक्टर कोणता निर्णय घेतील. ‘माझ्या हातात आहे’: प्रश्नांची यादी तयार ठेवणं, औषधाची वेळ, आज कुणाला फोन करायचा. थकव्याच्या किंवा नैराश्याच्या दिवशी इच्छाशक्तीही पूर्णपणे आपल्या हातात राहत नाही, हे एपिक्टेटसच्या कठोर शिष्यांनी मान्य केलं नसतं, मी करते. त्या दिवशी दुसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

बऱ्या दिवशी: काम सुरू करण्याआधी थांबण्याची वेळ ठरवा आणि ती वेळ झाली की ओळ वाचा. इथे तुकोबांची ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान’ ही ओळ मला उपयोगी पडते. औषधोपचार सोडून निमूट बसा, असा तिचा अर्थ मी घेत नाही. आज अंगात जेवढं बळ आहे तेवढ्यातच राहायचं, इतपत घेते.

डॉक्टरांकडे जाताना: वेदनेचं वर्णन करणारी ओळ सोबत न्या. डोकं कसं दुखतं ते डॉक्टरांना सांगायला गेलं की भाषाच आटते, अशी तक्रार इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली केली होती. पुढे १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदना सांगण्यासाठी ७८ शब्दांची वर्गवार प्रश्नावली तयार केली, कारण ठणका, जळजळ, टोचणी, पिळवटणं यांतला फरक उपचारासाठी महत्त्वाचा असतो. ‘हे वाचलं आणि वाटलं, माझं दुखणं अस्संच आहे’ असं म्हणून ओळ दाखवली, तर बोलायला सुरुवात सोपी होते.

पायरी ७: ओळीशी भांडा

आठवड्यातून एखाद्या वेळी एक ओळ घेऊन खाली मनात येईल ते लिहा. सहमत असायची गरज नाही. ‘समाधान कसं ठेवू, मला राग आलाय’ असंही लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं होतं. लिहिल्यावर लगेच अनेकांना जड वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या खेपा कमी झाल्या. त्यानंतर झालेल्या अभ्यासांत परिणाम कमी-जास्त दिसला, तेव्हा याला उपचार समजू नका. झोपायच्या तोंडावर लिहू नका, आणि लिहून त्रासच वाढत असेल तर सोडून द्या.

ओळी पुरत नाहीत तेव्हा

दोन आठवडे किंवा जास्त काळ मन सतत उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, भूक-झोप आजारापलीकडे बिघडली आहे, आवडती ओळही परकी वाटते, अशी स्थिती असेल तर ते डॉक्टरांना सांगा. दीर्घकालीन आजारात नैराश्य जास्त प्रमाणात आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. अशा वेळी संग्रह उघडून बसू नका.

दुसऱ्यांचे सुविचार, आणि तुम्ही दुसऱ्याला पाठवणार असाल तर

न रुचणारा सुविचार आला की तीन पर्याय असतात. थकला असाल तर नुसता नमस्कार पाठवा. माणूस जवळचा असेल तर स्पष्ट लिहा: ‘तुझी आठवण पोचली, बरं वाटलं. मला सध्या “लढ” ऐकायचं नाहीये, नुसतं “कशी आहेस” विचारलंस तरी पुरे.’ आणि अगदी घरचा असेल तर त्याला तुमच्या संग्रहातली एक ओळ द्या आणि सांगा, वाईट दिवशी मला ही पाठव.

पाठवणाऱ्यांनी एवढं करावं. वाक्याआधी स्वतःचे दोन शब्द लिहावेत. ‘सकारात्मक राहा’, ‘तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत’, ‘सगळं कारणानंच घडतं’ ही तीन वाक्यं टाळावीत; पहिलं हुकूम देतं, दुसरं दुःख लहान करतं, तिसरं त्याचं कारण रुग्णाला शोधायला लावतं. ओळ पाठवलीच तर उत्तराची अपेक्षा ठेवू नये आणि तसं सोबत लिहावं. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे एखादी नेमकी गोष्ट विचारणं: ‘मंगळवारी तपासणीला मी येऊ का?’ उत्तर आलं नाही तर रागावू नये, सोमवारी पुन्हा विचारावं.